सव्वा मूठ

कानबाईच्या रोटाचे गहू
आमच्याकडे पुरुषांच्या नावाने मोजतात.
सव्वा मूठ एकाची.
भटू सुरतेला, पाच वर्षं फिरकला नाही,
त्याची पडते.
त्याच्या हितांशूची पडते, ज्याला अहिराणी कळत नाही.
धुळ्याच्या काकांची पडते.
आप्पांना जाऊन तेरा वर्षं झाली,
त्यांचीही पडते; तेवढ्या नावाला आई जरा थांबते.

माझी कधीच नव्हती.
म्हणजे मी जिथून निघून आले
तिथल्या हिशेबात मी नव्हतेच.

काहीतरी घडलं असणार, असं लोकांना वाटतं.
काही घडलं नव्हतं.
नवस फसला नव्हता, कुणी फसवलं नव्हतं.
एका गुरुवारी दिवा लावायचा राहिला
आणि शुक्रवारी सकाळी बोरीच्या पुलावरून
चोपड्याची बस रोजच्या वेळेला गेली.

पहिलं वर्ष वाईट गेलं.
रात्री झोपण्याआधी बोलायची सवय असते,
ती मोडत नाही.
अंधारात तोंड उघडायचं
आणि मिटून घ्यायचं.
बीपी वाढलं. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा.
एकदा स्वतःचंच सॅम्पल मशीनला लावलं;
रिपोर्ट येईपर्यंतची ती बारा मिनिटं
माझ्याकडे कबूल करायला
साधा नारळसुद्धा नव्हता.

हंडा उतरवून ठेवला
तरी मान बराच वेळ ताठ राहते,
पाणी सांडेल म्हणून.

दुपारी नाझनीन
किटच्या खोक्यांमागे चटई टाकून नमाज पढते.
मी दाराशी उभी राहते, कुणी आत जाऊ नये म्हणून.
बाहेर येते तेव्हा तिचा चेहरा
नुकत्या पुसलेल्या काचेसारखा असतो.
हेवा वाटतो. खोटं कशाला बोलू.

आईने भांडण काढलं नाही.
फक्त एकदा, भाजी निवडताना, मान खाली घालूनच,
"तुले रातले नींद येस का?"
"येस."
निम्मं खरं होतं.

रोट घरच्यांनीच संपवायचे, बाहेर द्यायचे नाहीत.
तीन श्रावण मी पोट बिघडल्याचं सांगितलं.
तिन्ही श्रावण आईने ओवा दिला.

आणि मग, केव्हातरी, चोपड्याकडच्या एका बाईचं रक्त.
काचेवर जांभळ्या रंगात बुडालेल्या पेशी.
शंभर मोजायच्या असतात.
मी एकशे चाळीसपर्यंत मोजत गेले,
थांबवेना.
बाहेर कुणीतरी पावतीसाठी खिडकी ठोठावत होतं.
हात जोडले नव्हते मी,
ते टेबलावर उताणे पडले होते नुसते,
आणि छातीत कितीतरी दिवसांनी जागा झाली होती.
ह्याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही.
नाझनीनला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

यंदा आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
सूप पुढ्यात ओढून म्हणाली,
"तू मोज, मी टाकस."
देव सोडलेली मी,
दिवसभर लोकांचं रक्त मोजणारी मी,
मांडी घालून बसले.
आप्पा. (थांबली.) काका. भटू. हितांशू.
पलीकडे यमुनाबाईंकडे गाणी सुरू झालेली,
त्यात तिचं लक्ष गेलं.

"कितल्या व्हयन्यात?"

चार झाल्या होत्या.
मोजण्यात माझी चूक होत नाही.
"तीन," मी म्हणाले.

आईने पुन्हा गव्हात हात घातला.
आणि थांबली,
आप्पांच्या नावाला थांबते तशी,
त्याहून थोडी जास्त.
मग मूठ टाकली.
वरची पाव टाकली.
आणखी चार दाणे बोटांना चिकटले होते,
तेही झटकले सुपात.

जात्यावर मी बसले.
पीठ जाडं येत होतं.
"बारीक दय," ती म्हणाली, "तुलेबी खानं से."